निन्जा टर्टल्स : मिळून खेळायचा व्हिडिओ गेम

दिवाळीच्या सुट्या लागल्या की नागपूर-पुण्याकडची नातवंडे बालाघाटला येतात आणि घरात टीव्ही एक, दावेदार चार असे होते. मुलांना एकत्र बसून खेळता येईल असा कोणता गेम आणावा, असे काही सभासद विचारत होते. आम्ही या विषयातले जाणकार नाही, जन्मभर बँकेत आकडे तपासले. पण जो गेम आम्ही स्वतः खेळून हरलो आहोत, त्याची माहिती द्यायला हरकत नसावी.

‘टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स’ म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या गटारांत राहणारी चार कासवे. एका विचित्र रसायनामुळे ती माणसासारखी चालू-बोलू लागली आणि स्प्लिंटर नावाच्या उंदराने त्यांना जपानी युद्धकला शिकवली. (गुरू उंदीर आहे, यावर आमच्या सौभाग्यवतींनी गणपतीचे वाहन आठवून संमती दिली.) नावे इटलीच्या जुन्या कलावंतांची आहेत. निळ्या पट्टीचा लिओनार्डो दोन तलवारी वापरतो, जांभळ्या पट्टीचा डोनाटेलो लांब काठी, लाल पट्टीचा राफेल तीन टोकांची आखूड हत्यारे आणि नारिंगी पट्टीचा मायकेलअँजेलो साखळीने जोडलेले दांडके. समोर श्रेडर हा पोलादी मुखवट्याचा खलनायक आणि त्याची ‘फूट क्लॅन’ नावाची फौज.

ही कासवे प्रथम कॉमिकमध्ये आली. केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोन अमेरिकन तरुणांनी १९८४ मध्ये आयकराचा परतावा आणि ईस्टमनच्या काकांकडून घेतलेले कर्ज यांतून ते स्वतःच छापले. काकांनी दिले म्हणून बरे झाले. असा प्रस्ताव आमच्या टेबलावर आला असता तर आम्ही नक्कीच परत पाठवला असता. १९८७ मध्ये त्यावर कार्टून मालिका निघाली आणि १९८९ मध्ये जपानच्या कोनामी कंपनीने नाणे टाकून खेळायचा गेम काढला. एका यंत्रावर चार जॉयस्टिक, प्रत्येकाचे कासव ठरलेले आणि नाणेही ज्याचे त्याचे.

खेळ समजायला सोपा आहे. रस्त्यावरून पुढे पुढे जायचे, समोर येतील त्यांना बडवायचे आणि शेवटी मोठ्या शत्रूला, मुलांच्या भाषेत ‘बॉस’ला, हरवायचे. एक बटण मारायला, एक उडी मारायला. पिझ्झा खाल्ला की गेलेली शक्ती भरून येते.

या जातीचे गेम त्याआधीही होते. १९८७ चा ‘डबल ड्रॅगन’ दोन भावांचा होता. पण त्यात एकाचा ठोसा दुसऱ्या भावालाही लागायचा आणि दोघे शेवटपर्यंत टिकले तर मुलीसाठी आपसातच लढायचे! कासवांच्या गेममध्ये मात्र आपला मार आपल्या माणसाला लागत नाही. घरात दोन मुले वाढवलेल्यांना हा फरक किती मोठा आहे ते सांगायला नको.

१९९० मध्ये निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी याच गेमची दोघांनी खेळायची आवृत्ती निघाली. त्या यंत्राच्या नकला आपल्याकडे ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ म्हणून विकल्या जात. आमच्या मुलांसाठी आम्ही तसा एक नागपूरहून आणला होता आणि त्याच्या एका कॅसेटमध्ये ही कासवे होती. तेव्हा बालाघाटात पिझ्झा कोणी पाहिला होता? धाकटा त्याला थालीपीठ म्हणायचा. वीज गेली की खेळ पुन्हा पहिल्यापासून. त्याहून वाईट म्हणजे, थोरला पुष्कळदा धाकट्याच्या हातात न जोडलेला रिमोट देत असे आणि तो बिचारा मनापासून बटणे दाबत बसायचा. आम्हाला हे कळले तेव्हा धाकट्याचे लग्न झाले होते.

आता जो आणावा असे आम्हाला वाटते तो ‘श्रेडर्स रिव्हेंज’. जून २०२२ मध्ये आला. बनवणारी ट्रिब्यूट गेम्स कॅनडातली, प्रकाशक दोतेमू फ्रान्सची. चित्रे मुद्दाम जुन्या गेमच्या धाटणीची ठेवली आहेत. यंत्राप्रमाणे चार ते सहा जण एकाच वेळी खेळू शकतात. कासवांशिवाय स्वतः स्प्लिंटर आणि पत्रकार एप्रिल ओनीलही घेता येतात. रक्त दिसत नाही; हरलेले शिपाई नाहीसे होतात, काहींना तर उचलून थेट पडद्याकडे भिरकावता येते.

यातली खरी गंमत पडल्यानंतरची आहे. साथीदार कोसळला की त्याच्याजवळ आकडे उलटे मोजले जातात. तेवढ्यात दुसऱ्याने जाऊन पिझ्झाचा तुकडा पुढे धरला तर तो उठतो. उठवणाऱ्याला तेवढा वेळ उभे राहावे लागते आणि शत्रू काही थांबत नाहीत. शिवाय टाळी देऊन आपली थोडी शक्ती दुसऱ्याला देता येते. बँकेत बचत गटांची खाती पाहताना एकीचा हप्ता राहिला की बाकीच्या बायका पदरचे भरून जात, त्याची आम्हाला आठवण झाली. मागच्या दिवाळीत आम्ही एका स्टेजमध्ये चार वेळा पडलो. नऊ वर्षांचा नातू “आबा, हलू नका, आलो!” म्हणत चारही वेळा परत आला, आणि चौथ्यांदा आम्हाला उठवून स्वतः पडला. त्याला उठवायला आम्ही निघालो खरे, पण बटण चुकले.

आणण्यापूर्वी घरात कोणते यंत्र आहे ते पाहावे. संगणकावर, निन्टेन्डो स्विचवर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर हा गेम चालतो. जितके खेळाडू तितके कंट्रोलर लागतात; खर्च तिथे वाढतो, तेव्हा पाहुण्यांना आपापला घेऊन यायला सांगावे. आणि ते सगळे जोडलेले आहेत ना, हे वडीलधाऱ्यांनी स्वतः तपासावे. नवख्याने डोनाटेलो घ्यावा, काठी लांब असल्याने दुरून काम भागते. आम्ही तोच घेतो. पाच वर्षांची नात राफेल मागते. तो लाल आहे, एवढेच तिला पुरते.