परवाना कोणी द्यावयाचा?



गिरणीच्या दरवाजावर गेटपास तपासणारा पहारेकरी आम्ही कित्येक वर्षे पाहिला. आत कोणी यावे आणि बाहेर काय न्यावे हे ज्याच्या शब्दावर ठरते, तो त्या जागेचा धनी, एवढे राज्यशास्त्र आम्ही तेथेच शिकलो. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, मंडळी घरी गेल्यावर. म्हणून आज इतिहासावर बोलतानाही आम्ही हाच प्रश्न धरून बोलणार आहोत.

आमची कन्या ऑस्ट्रेलियात डार्विन शहरी नोकरीस असते. तिच्याकडे गेलो असता इंजालाक टेकडीवरील चित्रे पाहण्याचा योग आला. ही टेकडी डार्विनच्या पूर्वेस, आर्नहेम लँड या आदिवासी प्रदेशाच्या पश्चिम टोकाशी, गुनबलान्या गावाजवळ आहे. वाटेत ईस्ट ॲलिगेटर नदीची फरशी लागते. भरतीचे पाणी तिच्यावरून वाहते आणि दोन्ही अंगांना मगरी असतात. परंतु नदी ओलांडण्यास केवळ धीर पुरत नाही. पलीकडची जमीन आदिवासींची आहे, आणि त्यांच्या वतीने नॉर्दर्न लँड कौन्सिल परवाना देते तेव्हाच तेथे जाता येते.

गावात इंजालाक आर्ट्स नावाची संस्था आहे. ती १९८९ साली निघाली आणि गावकऱ्यांच्याच मालकीची आहे. तिचा वाटाड्या आम्हांस टेकडीवर घेऊन गेला. वालुकाश्माच्या कपारीखाली छतापर्यंत चित्रेच चित्रे, जुन्यावर नवे, नव्यावर आणखी नवे. बारामुंडी मासा असा काढलेला की, क्ष-किरणांच्या छायाचित्राप्रमाणे त्याचा काटा आणि आतडीही दिसावीत. तांबडा गेरू दगडात मुरतो म्हणून टिकतो; पांढरी माती लवकर झडते. गवताच्या काडीने ओढलेल्या बारीक रेघा पाहून आम्हांस कसबी कारागिराचा हात ओळखू आला. आदिमाता यिंगार्ना हिचेही चित्र तेथे आहे. तिच्या अंगावर विणलेल्या पिशव्या लोंबतात. तशाच पिशव्या खाली गावात बायका आजही विणतात.

आता या टेकडीकडे बाहेरचे लोक कसे आले ते ऐका.

१९१२ साली बाल्डविन स्पेन्सर नावाचे प्राध्यापक येथे आले. सरकारने त्यांस आदिवासींचे मुख्य ‘संरक्षक’ नेमले होते. येथील लोक झाडाच्या सालीवर चित्रे काढतात हे पाहून त्यांनी ती मुद्दाम काढवून घेतली. मोबदला दिला तो तंबाखूच्या कांड्यांचा. ती चित्रे आज मेलबर्नच्या संग्रहालयात आहेत. परंतु काढणाऱ्यांची नावे प्राध्यापकांनी नोंदली नाहीत. माल जमा झाला, मस्टरवर नाव चढले नाही!

१९४८ साली एक मोठी संशोधन मोहीम आली. तीत अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे फ्रँक सेट्झलर होते. या टेकडीच्या कपारींत लोकांनी आपल्या मृतांच्या अस्थी ठेविलेल्या होत्या. बरोबरचे आदिवासी मदतनीस झोपी जाण्याची वाट पाहून सेट्झलर यांनी त्या उचलल्या. हे आम्ही म्हणत नाही. त्यांनी स्वतःच आपल्या रोजनिशीत लिहून ठेविले आहे. विद्वान मनुष्य, पण धनी जागा असता परवाना मिळणार नाही हे तो पक्के जाणत होता.

मग धनी जागा झाला कसा? १९६३ साली याच आर्नहेम लँडच्या पूर्व टोकाला, यिर्काला येथे, बॉक्साइटच्या खाणीसाठी जमीन काढून घेण्यात आली. तेथील लोकांनी पार्लमेंटला अर्ज धाडले ते सालीवर चिकटवून, भोवती आपली कुळचित्रे रंगवून. चित्र हाच आमचा सातबारा, असा त्याचा अर्थ! १९७१ साली न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला.

तिकडे दूर नैर्ऋत्येस वेव्ह हिल येथे इंग्रज मालकाच्या गुरांच्या रानावर गुरिंदजी लोक राबत होते. समान वेतनाचा निवाडा १९६६ च्या मार्चमध्ये झाला, पण अंमल १९६८ च्या डिसेंबरपर्यंत पुढे ढकलला. २३ ऑगस्ट १९६६ रोजी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या पुढारपणाखाली सुमारे दोनशे माणसे काम टाकून निघाली. प्रारंभी मागणी पगाराची, पुढे जमिनीची. त्या वेळी देशाच्या लोकसंख्येच्या हिशेबात आदिवासींची गणतीसुद्धा धरीत नसत. ते कलम १९६७ च्या सार्वमताने गेले. लिंगियारींच्या हाती पंतप्रधान व्हिटलम यांनी मूठभर माती घातली ती १९७५ साली, म्हणजे नऊ वर्षांनी. १९७६ साली जमिनीच्या हक्काचा कायदा झाला आणि आर्नहेम लँड तेथील लोकांच्या नावे लागले. आमच्या खिशातला परवाना छापला जाण्यापूर्वी हे एवढे घडावे लागले.

टेकडीवरच्या अस्थीही परत आल्या. २०११ च्या जुलैत गावाने त्यांस गेरू लावला, झाडाच्या सालीत गुंडाळले आणि आपल्या मातीत ठेविले. नेल्यास त्रेसष्ट वर्षे झाली होती.

कारखान्यात पगारवाढ मिळाली म्हणजे आपण लढा जिंकला म्हणतो. गुरिंदजींनी त्यापुढचे पाऊल टाकिले. त्यांनी जागेचा धनी कोण हे विचारले. आम्ही आयुष्यभर पहिल्याच मागणीपाशी थांबलो, हे येथे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

उतरताना एका कपारीपाशी वाटाड्या थांबला. येथे आमची माणसे निजली आहेत, फोटो घेऊ नका, असे तो हळूच म्हणाला. आमच्याबरोबर निरनिराळ्या देशांची दहाबारा माणसे होती. सर्वांनी आपापले कॅमेरे पिशवीत घातले.