कोपरा सांभाळणाऱ्याची किंमत

आज विषय कबड्डीचा आहे. पण सामन्याचं वर्णन नाही, एका प्रश्नाचा इतिहास आहे. जुना, नावाजलेला बचावपटू संघाने धरून ठेवावा, की चांगली किंमत आहे तोवर सोडून द्यावा? माझा पुतण्या मुंबईच्या यू मुंबा संघाचा, नातू पुणेरी पलटणचा. दोघांचं या बाबतीत कधीच पटत नाही. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे माझी सवय वेगळी. मत मांडायच्या आधी काय काय घडलं ते वर्षवार मांडावं, म्हणजे निम्मं भांडण आपोआप मिटतं. उरलेलं निम्मं मात्र खरं असतं.

तसा हा प्रश्न नवा आहे. आमच्या तरुणपणी तो निघतच नव्हता. हुतुतूला लेखी नियमांत बसवण्याचं काम महाराष्ट्रातल्या क्रीडामंडळांनी केलं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिकडे आपले देशी खेळ दाखवले, त्यात कबड्डी होती. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी या खेळासाठी सारी हयात घातली, म्हणून महाराष्ट्रात १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. एवढ्या सगळ्या काळात खेळाडू हा गल्लीचा, गावाचा, मंडळाचा असे. पुढे फार तर रेल्वेत, बँकेत, वीज मंडळात नोकरी लागली की तो त्यांच्या संघातून खेळे. म्हणजे पोटासाठी माणूस जात होता, पण त्याला कुणी विकत घेत नव्हतं.

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाडूंच्या नावापुढे आकडे आले. यात वाईट काही नाही, हे आधीच सांगतो. ज्या खेळात गुडघे फुटले तर हळद लावायलाही कुणी विचारत नसे, त्यात पोरांना पैसा मिळू लागला, ही आनंदाचीच गोष्ट. पण आकडा आला की त्याच्याबरोबर हिशेबही येतो.

हा हिशेब बचावपटूच्या बाबतीत अवघड का, ते ज्यांनी कबड्डी खेळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. सात जण. चढाई करणारा एकटा येतो, तीस सेकंदांत काय करायचं ते करतो. त्याचे गुण त्याच्या एकट्याचे. बचाव करणारे मात्र साखळीत उभे असतात, हातात हात धरून. कोपऱ्यावरचा माणूस चढाईपटूचा घोटा धरतो. पण तो घोटा धरेपर्यंत शेजारचा थांबला पाहिजे, आणि धरल्याबरोबर त्याच क्षणी धावला पाहिजे. अर्धा क्षण आधी धावला तर तो स्वतः बाद, अर्धा क्षण उशिरा धावला तर कोपरा बाद. ही वेळ कशी कळते? डोळ्यांनी नाही, हातातल्या हाताने कळते. गुण मात्र सहसा पहिली पकड करणाऱ्याच्या नावावर लिहिला जातो. शेजाऱ्याच्या हाताचा रकाना वहीत नसतो.

आता घडलेलं पाहू.

पहिलं उदाहरण यू मुंबाचं. मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा ही त्यांची कोपऱ्यांची जोडी. अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली २०१५ साली मुंबईने बंगळुरूला ३६-३० असं हरवून विजेतेपद मिळवलं, त्या संघाचा बचाव या दोघांवर उभा होता. पुढच्याही मोसमात, २०१६ च्या मार्चमध्ये, संघ अंतिम फेरीत गेला आणि पाटण्याकडून २८-३१ असा थोडक्यात हरला. त्यानंतरच्या लिलावात छिल्लर ५३ लाखांना बंगळुरू बुल्सकडे गेला. त्या मोसमातला सगळ्यात महाग खेळाडू तोच. नाडाही बंगळुरूकडेच गेला. निकाल काय? त्या मोसमात मुंबई उपांत्य फेरीत नव्हती आणि बंगळुरूही नव्हती. जोडी उचलून नेली तरी जोडीच्या मधले पाच जण नेता येत नाहीत. २०१५ नंतर २०२५ पर्यंत मुंबईला पुन्हा विजेतेपद मिळालेलं नाही. हे सगळं या एका गोष्टीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. इतिहासात एकाच कारणावर बोट ठेवणारा विद्यार्थी मला कधी आवडला नाही.

दुसरं उदाहरण फझल अत्राचलीचं. हा इराणचा डावा कोपरारक्षक. २०१५ च्या विजेत्या मुंबई संघात तो होता, २०१६ मध्ये पाटण्याबरोबरही तो विजेता झाला. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने त्याला १ कोटी रुपयांना घेतलं. लीगच्या इतिहासात कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. चढाईपटूंच्या खेळात हा मान एका बचावपटूला मिळाला, आणि तोही परदेशी, हे विशेष. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य सामन्यात भारताला २७-१८ असं हरवलं आणि सुवर्णपदक नेलं. १९९० पासून सलग सात सुवर्णं आपली होती. आपल्याला हरवणाऱ्या त्या संघात फझल होता, आणि तरीही मुंबईकर त्याला ‘सुलतान’ म्हणत राहिले. कर्णधारपदही त्याच्याकडेच.

२०१९ ला त्याच्या मुंबईने उपांत्य फेरी गाठली, पण २०२१-२२ च्या मोसमात संघ बारा संघांत दहावा आला. मुंबईने त्याला सोडलं. आता यात चूक काय होती? वय वाढत होतं, किंमत मोठी होती, संघ तळाला होता. कागदावर निर्णय चोख. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुणेरी पलटणने त्याला १ कोटी ३८ लाखांना घेतलं, कर्णधार केलं, आणि त्याच वर्षी पुणे पहिल्यांदा अंतिम फेरीत गेलं. १७ डिसेंबरला जयपूरकडून २९-३३ असं हरलं, ते वेगळं. मुंबई २०२२ लाही बाद फेरीत नव्हती, २०२३ लाही नव्हती.

इथे माझा नातू टाळ्या वाजवतो. पण त्याला पुढचं पानही वाचावं लागतं. २०२३ मध्ये पुण्यानेही फझलला सोडलं. गुजरातने त्याला १ कोटी ६० लाख मोजले. पुण्याने त्याच्या जागी त्याच्याच देशाचा तरुण मोहम्मदरझा शाडलुई घेतला, किंमत २ कोटी ३५ लाख. संघाला मिळून खर्चायला ५ कोटी, त्यातले जवळपास निम्मे एका माणसावर! आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून पुणे पहिल्यांदा विजेतं झालं. म्हणजे जुना सोडला, नवा घेतला, आणि फळ मिळालं.

तर मग मुंबईचं चुकलं आणि पुण्याचं बरोबर, असं का? मला वाटतं फरक फझलमध्ये नव्हता, त्याच्या आजूबाजूला होता. असलम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते ही पुण्याची पोरं आधीपासून एकत्र खेळत होती. फझल आला तेव्हा ती त्याच्याबरोबर राहिली, अंतिम फेरीची हार पचवली, दुसऱ्या वर्षी असलम कर्णधार झाला. एक कडी बदलली, साखळी तीच राहिली. फुटबॉलमध्ये रेआल माद्रिदने २०२१ साली सर्जिओ रामोस या सोळा वर्षांच्या जुन्या बचावपटूला जाऊ दिलं आणि २०२२ ला युरोपातलं सर्वांत मोठं विजेतेपद मिळवलं, तेही असंच. त्याच्या मागचे लोक तयार होते.

उलटही खरं ठरलं. पुण्याने पुढच्या वर्षी शाडलुईलाही सोडलं. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि २९ डिसेंबर २०२४ ला विजेतेपद मिळवलं, तेही पुण्याच्या बालेवाडीत. पुणे त्या मोसमात पहिल्या सहात नव्हतं.

साखळी तुटते म्हणजे काय, हे आमच्या किल्लारीत मी फार वेगळ्या प्रकारे पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लिलाव आणि भूकंप एका तराजूत घालायचे नाहीत, ते बरंही नव्हे. सांगायचं आहे ते त्यानंतरचं. नवी गावं सरळ रस्त्यांची आखली गेली. घरं जमिनीच्या प्रमाणात मिळाली, लहान, मध्यम, मोठी. एका गल्लीतली माणसं गावाच्या चार टोकांना गेली. शाळेच्या मैदानावर पोरं पुन्हा कबड्डी खेळू लागली तेव्हा सात जण भरायचे, तब्येतीनेही बरे असायचे. पण चढाई आली की कोपऱ्यावरच्या पोराचा हात सवयीने बाजूला जायचा, आणि तिथला हात ओळखीचा नसायचा. पकडी सुटायच्या. कुणी आळशी नव्हतं. त्यांना नुसता वेळ हवा होता, आणि दोनेक वर्षं एकमेकांशेजारी उभं राहायला हवं होतं. ते मिळालं तेव्हा पकडी पुन्हा जमल्या.

म्हणून माझं मत असं. जुना बचावपटू कधीच सोडू नये, हे भावनेचं बोलणं झालं. माणूस थकतो, त्याने जागा द्यावी हे रास्तच. पण त्याला सोडण्याआधी एक प्रश्न विचारावा: याचा हात दोन मोसम धरून उभा राहिलेला कुणी आपल्याकडे आहे का? असेल तर निरोप द्या, सन्मानाने द्या. नसेल तर त्याची किंमत त्याच्या पकडींच्या आकड्यावरून ठरवू नका, कारण तो अजून शिकवायचा राहिला आहे.

आणि सुटलेल्या माणसाचं काय होतं? हुतुतूचे जुने तीन प्रकार होते. अमरमध्ये बाद झालेला मैदानातच राही. गनिमीत बाद झालेला सगळा संघ बाद होईपर्यंत परत येत नसे. संजीवनीत सोबत्यांनी गुण मिळवला की तो पुन्हा उठून उभा राही. आजची कबड्डी संजीवनीच्या वाटेने वाढली. फझलचंही तसंच झालं. २०२४ ला बंगाल वॉरियर्सने त्याला ५० लाखांना घेतलं, म्हणजे एका वर्षात किंमत तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही खाली. लोक म्हणाले, संपला. २०२५ ला तो दबंग दिल्लीत आला, आशू मलिकच्या संघात. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना झाला. दिल्ली ३१, समोरचा संघ २८. समोरचा संघ कोणता? पुणेरी पलटण.