मागासपणाचे एकक : पालघर जिल्ह्यातील गुंतवणूक-प्रोत्साहनाचा ऐतिहासिक आढावा (१९६० ते २०२४)

प्रस्तावना

खाजगी भांडवल आपल्याला हवे त्या ठिकाणी न्यायचे असेल, तर शासनापुढे ढोबळमानाने तीन मार्ग असतात. जमीन संपादन करून रस्ते, पाणी व वीज यांसह ती उद्योजकाला तयार स्वरूपात देणे, हा पहिला मार्ग. ठरावीक प्रदेशात कारखाना काढणाऱ्यास करात सूट देणे, हा दुसरा. जमिनीच्या वापरावरील निर्बंध सैल करून बाकीचे बाजारावर सोपविणे, हा तिसरा. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हे तिन्ही मार्ग एकाच जिल्ह्याच्या भूमीवर अवलंबिले गेले. तो जिल्हा म्हणजे पालघर होय. तारापूर-बोईसर हे पहिल्या मार्गाचे, वाडा हे दुसऱ्याचे आणि वसई-विरार हे तिसऱ्याचे उदाहरण आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा हा जिल्हा अस्तित्वात आला. तत्पूर्वीचा त्याचा इतिहास ठाणे जिल्ह्याच्या आकडेवारीत मिसळलेला आहे.

प्रस्तुत लेखात या तीन प्रयोगांचा आढावा घेऊन एका प्रश्नाचा शोध घ्यावयाचा आहे. हे कार्यक्रम कोणत्या एककाने मोजले गेले? मागासपणा जिल्ह्यागणिक मोजला की तालुक्यागणिक? यश गुंतविलेल्या रुपयांत मोजले की तेथील माणसाच्या पदरी पडलेल्या लाभात? प्रत्येक टप्प्यावर जे मोजले गेले ते बऱ्याच अंशी साध्य झाले आणि जे मोजले गेले नाही त्याचा भार किनाऱ्यावरील मच्छीमारांवर व डोंगरपट्टीतील आदिवासींवर पडला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

युरोपीय पूर्वपीठिका

मागास प्रदेशात सार्वजनिक पैशाने उद्योग नेण्याच्या कल्पनेला युरोपात दीर्घ परंपरा आहे. जागतिक मंदीच्या काळात ब्रिटनने १९३४ मध्ये बेकारीग्रस्त भागांसाठी विशेष प्रदेश कायदा केला. १९३६ मध्ये ईशान्य इंग्लंडमधील टीम व्हॅली येथे शासकीय पुढाकाराने औद्योगिक वसाहत उभारण्यास प्रारंभ झाला. तयार जागा उद्योजकाला भाड्याने द्यावयाची, ही त्यामागील कल्पना. भारतात १९५५ पासून राबविलेल्या औद्योगिक वसाहतींच्या कार्यक्रमात याच विचाराचे प्रतिबिंब दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने मार्शल योजनेद्वारे १९४८ ते १९५२ या काळात पश्चिम युरोपला सुमारे १३ अब्ज डॉलरचे साह्य दिले. इटलीने १९५० मध्ये दक्षिणेकडील दरिद्री प्रदेशासाठी ‘कासा पेर इल मेत्झोजोर्नो’ हा निधी स्थापन केला. या निधीचा आरंभीचा भर जमीनसुधारणा, पाणीपुरवठा व रस्ते यांवर होता. १९५७ च्या कायद्यानंतर तो मोठ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याकडे वळला. तारांतो येथील प्रचंड पोलाद कारखाना याच काळातला. आजूबाजूच्या अर्थजीवनाशी नाते न जुळलेल्या अशा कारखान्यांना इटालियन टीकाकारांनी ‘वाळवंटातील कॅथीड्रल’ म्हटले. १९८४ मध्ये हा निधी बंद झाला. तारांतोच्या कारखान्याचा काही भाग २०१२ मध्ये प्रदूषणाच्या कारणास्तव न्यायालयाच्या आदेशाने जप्त करण्यात आला.

अलीकडच्या काळातही मोजमापाचा प्रश्न सुटलेला नाही. युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या युंकर योजनेत २१ अब्ज युरोंच्या सार्वजनिक हमी व भांडवलाच्या आधारे ३१५ अब्ज युरोंची गुंतवणूक घडवून आणण्याचे उद्दिष्ट होते. मात्र युरोपीय लेखापरीक्षक न्यायालयाने २०१९ च्या अहवालात दाखवून दिले की, यशाच्या खात्यात जमा केलेली काही गुंतवणूक या योजनेवाचूनही झाली असती. गुंतवणुकीचा आकडा मोठा असणे आणि तो कार्यक्रमामुळे निर्माण झालेला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालघरचा इतिहास वाचताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्राचे धोरण : विकेंद्रीकरणाचा संकल्प

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा राज्याचे उद्योगजीवन मुंबई व तिच्या परिसरात एकवटलेले होते. १९६१ च्या कायद्यान्वये १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली व १९६६ मध्ये ‘सिकॉम’ या वित्तसंस्थेची भर पडली. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग न्यावेत, हा या संस्थांचा समान हेतू होता. प्रोत्साहन योजनेच्या १९७९, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३ व २०१९ या सालांच्या आवृत्त्या लक्षात घेतल्या, तर राज्याच्या सर्वाधिक दीर्घायुषी आर्थिक धोरणांत तिची गणना करावी लागेल.

या योजनेत राज्याचे प्रदेश विकासाच्या पातळीनुसार गटांत विभागले गेले. ‘अ’ गटात विकसित प्रदेश, तर ‘ड’ व ‘ड+’ गटांत अविकसित प्रदेश. जितका गट खालचा तितकी सवलत अधिक, असे हे सूत्र होते. विक्रीकरातून सूट किंवा तो कर पुढे भरण्याची मुभा, हे सवलतीचे प्रमुख रूप असून तिची कमाल मर्यादा स्थिर भांडवली गुंतवणुकीशी निगडित होती. म्हणजेच सवलतीची मोजपट्टी प्रामुख्याने यंत्र-इमारतीवरील खर्च ही होती.

दुसरीकडे, प्रादेशिक असमतोलाची चर्चा मुख्यतः जिल्हा व विभाग या एककांत होत राहिली. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने अनुशेषाचे जे गणित मांडले, ते जिल्ह्यांच्या सरासरीवर आधारलेले होते. या सरासरीत ठाणे हा प्रगत जिल्हा ठरे. ठाणे, कल्याण, अंबरनाथ या औद्योगिक शहरांच्या आकड्यांखाली जव्हार व मोखाडा झाकले जात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालकांचे बळी गेले, तेव्हा हे तालुके राज्यातील एका अग्रगण्य औद्योगिक जिल्ह्याचेच भाग होते. जिल्ह्याच्या सरासरीने काय लपविले, याचे याहून विदारक प्रमाण देता येणार नाही.

तारापूर : जमीन दिली, सांडपाण्याचे काय?

तारापूर हे नाव देशाला परिचित झाले ते अणुवीज केंद्रामुळे. अमेरिकेशी झालेल्या १९६३ च्या करारानुसार उभारलेले हे भारतातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. पुढे तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे विस्थापित झाली. महामंडळाच्या बोईसर येथील औद्योगिक क्षेत्राला पश्चिम रेल्वे, मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सूर्या नदीचे पाणी यांची अनुकूलता लाभली. रसायने, रंगद्रव्ये, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने येथे आले व हजारो कुटुंबांना रोजगार मिळाला. गुंतवणूक आणि रोजगार या निकषांवर हा प्रयोग यशस्वी ठरला, हे मान्य करणे न्याय्य होईल.

तथापि, रासायनिक कारखान्यांना भूखंड देताना त्यांच्या सांडपाण्याची व्यवस्था त्याच प्रमाणात झाली नाही. नवापूरच्या किनाऱ्यावरून समुद्रात सोडले जाणारे सांडपाणी हा परिसरातील मच्छीमारांच्या उपजीविकेचा प्रश्न बनला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०२२ च्या आदेशात लवादाने कारखाने व सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांना जबाबदार धरले. भूखंडाचे क्षेत्रफळ मोजले गेले होते, खाडीचे पाणी मोजले गेले नव्हते. तारांतो आणि तारापूर यांच्यातील साम्य येथे नजरेत भरते.

वाडा : रेषेच्या अलीकडचे व पलीकडचे

वाडा तालुका भातशेतीसाठी विख्यात आहे. येथील वाडा कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. नव्वदच्या दशकात या तालुक्यात, विशेषतः भिवंडी मार्गावरील कुडूस परिसरात, पोलाद, शीतपेये, विद्युत उपकरणे अशा विविध उद्योगांची दाटी झाली. जनतेच्या बोलण्यात आजही ‘डी झोन’ हा शब्द येतो, तो या सवलतीचाच अवशेष होय.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. जव्हार व मोखाडा हेही अविकसित तालुके असताना कारखाने वाड्यातच का आले? याचे उत्तर सवलतीत नसून भूगोलात आहे. वाडा हा मुंबईच्या बाजारपेठेला व भिवंडीच्या मालवाहतुकीला सर्वांत निकटचा अविकसित तालुका होता. उद्योजकाने मागासपणाचा शोध घेतला नाही. सवलतीची रेषा ओलांडताच मुंबईपासून कमीत कमी दूर असलेली जागा शोधली. कर-सवलत भांडवलाला रेषेपलीकडे आणू शकते, परंतु रेषेच्या फार आत नेऊ शकत नाही, असा निष्कर्ष यातून निघतो. घाटाच्या पायथ्यापर्यंत रस्ता, वीज व कुशल मनुष्यबळ पोहोचल्याखेरीज केवळ करमाफीने मोखाड्यात यंत्र फिरणार नव्हते.

सवलतीचा दुसरा दोष तिच्या मुदतीत असतो. राज्याराज्यांतील चढाओढ थांबविण्यासाठी १ जानेवारी २००० पासून विक्रीकराधारित नव्या सवलती बंद करण्याचे राज्यांनी सामूहिकरीत्या ठरविले आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने ही जुनी चौकट मोडीत काढली. करमाफीच्या हिशेबावर उभ्या असलेल्या कारखान्याला सवलत संपल्यावर त्या जागी राहण्याचे कारण उरतेच असे नाही. रस्ता व जलवाहिनी मात्र योजना संपल्यावरही मागे राहतात.

वसई-विरार : निर्बंध सैल केल्याचे फलित

वसईची कथा निराळी आहे. १५३४ ते १७३९ पोर्तुगीज अमलाखाली असलेले व चिमाजीअप्पांनी जिंकून घेतलेले हे बंदर एकोणिसाव्या शतकापर्यंत आपले महत्त्व गमावून बसले होते. केळी, पानवेल व फुले यांच्या बागायतीवर येथील अर्थजीवन उभे होते. १८६७ पासून विरारहून मुंबईस सुरू झालेली रेल्वे आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत झालेले विद्युतीकरण, ही या तालुक्यातील खऱ्या अर्थाने परिणामकारक सार्वजनिक गुंतवणूक म्हणावी लागेल. वसईत औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत नाही. तरीही मुंबईतील जागेचे दर व तेथील उद्योगांवरील निर्बंध यांमुळे वालीव, सातिवली, गोराईपाडा या पूर्व पट्ट्यात लघुउद्योगांचे असंख्य खाजगी गाळे उभे राहिले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित पट्ट्यातील जमीन बांधकामास मोकळी करण्याचे धोरण आले व १९९० मध्ये ‘सिडको’ विशेष नियोजन प्राधिकरण झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने या धोरणास संघटित विरोध केला. त्या विरोधाचा गाभा पाण्याचा होता. विहिरी आणि बावखले यांवर जगणारी ही भूमी किती लोकसंख्येचा भार सोसू शकेल, असा तो प्रश्न होता. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व लगतची गावे मिळून महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक नोंदली गेली.

वाढत्या शहराची तहान अखेर सूर्या प्रकल्पाकडे वळली. धामणी धरण हे आदिवासी भागाच्या सिंचनासाठी योजलेले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या ४०३ दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेच्या योजनेतून तेथील पाणी वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांना देण्याचे ठरले. सिंचनाचे पाणी शहरांकडे वळविण्यास लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी विरोध केला. शहरवासीयांची गरज खरी आहे, याविषयी दुमत नाही. परंतु जमीन मोकळी करतानाच पाण्याचा हिशेब केला असता, तर एका तालुक्याची तहान दुसऱ्या तालुक्याच्या शेतातून भागविण्याची वेळ इतक्या तीव्रतेने आली नसती.

वाढवण : चौथा प्रयोग

या इतिहासाची आज उजळणी करण्यास तातडीचे कारण आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डहाणूनजीकच्या वाढवण बंदरास मान्यता दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या या प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के, तर महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के सहभाग आहे. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ मध्ये हे बंदर नाकारले होते. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये सशर्त अनुमती दिली. मच्छीमार संघटनांचा विरोध कायम आहे.

बंदर व्हावे की न होवो, हा या लेखाचा विषय नाही. मात्र या प्रकल्पाची चर्चाही कोटी रुपये आणि कंटेनर यांच्या संख्येतच चालली आहे, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला चिंतेची वाटल्यावाचून राहत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, मागासपणा मोजण्याचे एकक जितके मोठे, तितके त्यात अधिक दारिद्र्य दडते. पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्याने हा दोष नाहीसा झालेला नाही; वसई-विरारच्या समृद्धीखाली जव्हार-मोखाडा पुन्हा झाकले जाण्याची शक्यता आहे. दुसरी, कर-सवलतीपेक्षा रेल्वे, रस्ता व पाणी यांवरील खर्च अधिक टिकाऊ ठरला. सवलत फार तर सीमेवरील तालुक्यापर्यंत पोहोचली. तिसरी, सांडपाणी, पिण्याचे पाणी व विस्थापन यांचा खर्च आरंभीच्या ताळेबंदात न धरल्याने तो मागाहून न्यायालये, लवाद व आंदोलने यांच्या मार्गाने पुढे आला आणि तोवर मोठी हानी झालेली होती.

म्हणून वाढवणसारख्या प्रकल्पासाठी तीन नोंदी आरंभीच, गावनिहाय आणि जाहीरपणे व्हाव्यात असे सुचवावेसे वाटते : आज समुद्रातून व शेतीतून उपजीविका करणाऱ्या कुटुंबांची, प्रकल्पाला व त्याभोवती वाढणाऱ्या वस्तीला लागणाऱ्या पाण्याच्या उगमाची, आणि स्थानिकांना मिळालेल्या कायम रोजगाराची. दर पाच वर्षांनी या नोंदी पुन्हा घेतल्या गेल्या, तर शासनाला आपले यश गुंतवणुकीच्या रुपयांपलीकडेही सिद्ध करून दाखविता येईल. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, अर्थशास्त्र व भूगोल विभागांनी हे काम एकत्रितपणे अंगीकारावे. त्यासाठी लागणारी गावे, माणसे व विद्यार्थी आपल्या सभोवती आहेत.