फील्ड बुक ते डेटा रेकॉर्डर : खचणाऱ्या जमिनीची मोजणी

लेव्हलिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये आकडा चुकला तर खोडरबर वापरायचा नाही. एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा. विद्यार्थ्यांना हा नियम जाचक वाटतो. तो का पाळायचा, हे ब्रिटनच्या कोळसा खाणींच्या इतिहासात चांगले दिसते.

लाँगवॉल पद्धतीत कोळसा काढल्यावर मागचे छत कोसळू देतात आणि वरची जमीन बशीसारखी खचते. 1957 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये अशा नुकसानीची जबाबदारी नॅशनल कोल बोर्डावर आली. म्हणजे सर्व्हेअरच्या वहीतील आकड्यावर कुणाच्या तरी घराची दुरुस्ती अवलंबून राहू लागली. बोर्डाने 1966 मध्ये सब्सिडन्स इंजिनिअरांसाठी हँडबुक काढले. त्यातील वर्गवारीप्रमाणे इमारतीच्या लांबीत 30 मिमीपर्यंतचा बदल अगदी किरकोळ, तर 60 मिमीच्या पुढे नुकसान लक्षणीय समजले जाई.

आता काम कसे चाले ते पाहा. जमिनीवर खुंट्यांची रांग ठोकायची आणि खाणकाम पुढे सरकेल तशी त्यांची पातळी व आपसातले अंतर पुन्हा पुन्हा मोजायचे. 20 मीटर अंतरात 1 मिमी चूक झाली, तर स्ट्रेनमध्ये मीटरमागे 0.05 मिमी फरक पडतो. स्टाफवर 1.346 वाचून वहीत 1.364 लिहिले, तर 18 मिमी जमीन केवळ पेन्सिलीने हलते! शिवाय संध्याकाळी ऑफिसात तेच आकडे पुन्हा उतरवायचे.

1968 मध्ये झाइसच्या रेग एल्टा 14 ने वाचने छिद्रित कागदी पट्टीवर नोंदवायला सुरुवात केली. पण खरोखर हातात मावणारा रेकॉर्डर 1980 च्या दशकातला. कॉव्हेंट्रीत बनलेला हस्की हंटर (1983) चार साध्या पेन्सिल सेलवर चाले आणि पावसाचिखलातही टिके. माझ्या मते अशा रेकॉर्डरची साठवण दुय्यम होती. मोठी गोष्ट ही की क्लोजिंग एरर जागेवरच कळू शकत असे आणि मागच्या वेळच्या पातळीशी तुलना करता येई.

इथेच एक खोच आहे. वाचन अपेक्षेपेक्षा वेगळे आले की यंत्र इशारा देते आणि माणूस ते पुन्हा घेतो. अपेक्षेप्रमाणे आलेले चुकीचे वाचन मात्र निमूट पुढे जाते. खचणाऱ्या जमिनीत तर अनपेक्षित वाचन हीच कदाचित खरी बातमी असते. दुसरे म्हणजे वहीत खोडलेला आकडा रेघेखाली दिसत राहतो, मेमरीत बदललेला दिसत नाही.

1990 मध्ये विल्ड कंपनीच्या एनए 2000 या डिजिटल लेव्हलने बारकोडचा स्टाफ स्वतःच वाचायला सुरुवात केली. डोळ्याची चूक गेली, पण खुंटी कुणाच्या बैलगाडीने हलली का, हे त्यालाही कळत नाही. झरिया-राणीगंजच्या पट्ट्यात काम करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून आमच्या लॅबमध्ये दोन फायली ठेवायच्या: एक यंत्रातून उतरवलेली कच्ची, जिला हात लावायचा नाही, आणि दुसरी हिशेबाची. एका वर्षी एका गटाने कच्ची फाइलच 'नीट' करून आणली. क्लोजिंग एरर बरोब्बर शून्य होती. त्यांना सगळी रांग पुन्हा मोजायला लावली, तेव्हा 4 मिमी निघाली.