नव्वद ग्रॅमचा हिशेब

मे १९९२ मध्ये उत्तर कोरियाने व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला आपल्या अणुकार्यक्रमाचा जमाखर्च लिहून दिला. अण्वस्त्रप्रसारबंदी करारात हा देश १९८५ मध्येच सामील झाला होता. तपासणीला मान्यता द्यायला मात्र त्याने सहा वर्षांहून अधिक काळ लावला. (या संस्थेचे निरीक्षक आपल्या तारापूरलाही येतात.) जमाखर्चातली एक नोंद अशी: योंगब्योन येथे १९९० मध्ये एकदाच, खराब झालेल्या इंधनकांड्यांतून, सुमारे ९० ग्रॅम प्लुटोनियम वेगळे काढले.

प्लुटोनियम इतके जड की ९० ग्रॅम चहाच्या चमच्यात मावेल. एका बाँबसाठी संस्था ८ किलोग्रॅम धरते. मग एवढ्याशा धातूवरून वाद कशाला? वाद ग्रॅमवरून नव्हताच, 'एकदाच' या शब्दावरून होता.

निरीक्षकांनी तिथल्या उपकरणांवरची धूळ कापडाने टिपून घेतली. त्या धुळीत काय सापडणार होते? अणुभट्टीत युरेनियम-२३८ न्यूट्रॉन शोषून घेते व पुढे त्याचे प्लुटोनियम-२३९ बनते. कांडी भट्टीत राहिली की त्यातून २४० आणि २४१ ही समस्थानिकेही तयार होतात. २४१ चे अर्धायुष्य सुमारे १४ वर्षे. त्याचे अमेरिसियम-२४१ होते. आता गंमत पाहा. रासायनिक क्रियेने प्लुटोनियम वेगळे काढताना तोवर साठलेले अमेरिसियम टाकाऊ द्रवाबरोबर निघून जाते. घटिकापात्र रिकामे करून पुन्हा पाण्यावर सोडावे तसेच हे. पहिल्या वर्षात २४१ च्या १०० अणूंपैकी सुमारे ५ अणूंचे अमेरिसियम होते, तीन वर्षांत साधारण १४ अणूंचे. हे गणित अकरावी-बारावीच्या वर्गात फळ्यावर सहज करता येते.

काम एकदाच झाले असते, तर सगळ्या धुळीचे वय एकच आले असते. वये तीन निघाली: १९८९, १९९० आणि १९९१. शिवाय टाकाऊ पदार्थांतले प्लुटोनियम आणि दाखवलेले प्लुटोनियम यांतील समस्थानिकांचे प्रमाण जुळेना.

पण धूळ 'किती वेळा' हे सांगते, 'किती' ते सांगत नाही. त्यासाठी टाकाऊ पदार्थांचे साठे तपासायला हवे होते. असे दोन संशयित साठे पाहू द्या, अशी मागणी संस्थेने फेब्रुवारी १९९३ मध्ये केली. त्या लष्करी जागा आहेत, असे उत्तर आले आणि १२ मार्चला करारातून बाहेर पडण्याची घोषणा झाली. १९५० ते ५३ च्या युद्धानंतर दोन्ही कोरियांत शस्त्रसंधी झाली होती, शांतता करार नव्हे. दक्षिणेत अमेरिकेचे सैन्य होते. जूनमध्ये, घोषणा अमलात येण्याच्या आदल्या दिवशी, ती स्थगित झाली.

आणखी एक पुरावा शिल्लक होता: भट्टीतल्या सुमारे ८००० इंधनकांड्या. भट्टी १९८६ पासून चालू होती. कांड्या मूळच्याच की मधे बदललेल्या, हे त्यांतल्या निवडक कांड्या तपासून कळले असते. मात्र प्रत्येक कांडी भट्टीत कुठे होती, हे माहीत असणे आवश्यक होते. मे १९९४ मध्ये उत्तर कोरियाने त्या भराभर बाहेर काढल्या आणि तो क्रम हरवला. मला विचाराल तर या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोठा तोटा हाच. वही जाळली नव्हती, पण तिची पाने सुटी करून पिसली होती.

अमेरिकेत योंगब्योनवर हल्ला करण्याचा विचार सुरू झाला. जूनमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर प्याँगयांगला गेले आणि वाटाघाटींना वाट मिळाली. ऑक्टोबरच्या समझोत्याने भट्टी बंद झाली. बदल्यात दोन हलक्या पाण्याच्या अणुभट्ट्या आणि दरवर्षी पाच लाख टन इंधन तेल कबूल झाले. त्या अणुभट्ट्या कधीच पूर्ण झाल्या नाहीत. कांड्या मोहरबंद डब्यांत, पाण्याच्या तळ्यात राहिल्या. २००२ च्या अखेरीस समझोता मोडला, मोहरा तोडल्या गेल्या, जानेवारी २००३ मध्ये उत्तर कोरियाने करार सोडल्याचे जाहीर केले आणि कांड्यांतले प्लुटोनियम काढायला घेतले. पहिली अणुचाचणी ९ ऑक्टोबर २००६ रोजी झाली. १९९२ पूर्वी नेमके किती प्लुटोनियम काढले होते, ते अजूनही ठरलेले नाही.