वेबिनारमधून सीपीई क्रेडिट कसे मिळवायचे? सायबर सिक्युरिटी सर्टिफिकेट चालू ठेवण्याची माहिती

सायबर सिक्युरिटीचं सर्टिफिकेट दहावीच्या मार्कशीटसारखं नसतं. ते ड्रायव्हिंग लायसन्ससारखं असतं, त्याला मुदत असते. कॉम्प्टियाचं सिक्युरिटी प्लस, आयएससी-टूचं सीसी, ईसी-कौन्सिलचं सीईएच ही सगळी तीन वर्षांच्या चक्रावर चालतात. मुदत वाढवायची असेल तर त्या तीन वर्षांत तुम्ही ठरावीक तास नवीन काही शिकलात याचा पुरावा द्यावा लागतो. या तासांनाच क्रेडिट म्हणतात. आयएससी-टू आणि इसाका त्याला सीपीई म्हणतात, कॉम्प्टिया सीईयू म्हणते, ईसी-कौन्सिल ईसीई म्हणते. नावं वेगळी असली तरी हिशेब जवळपास एकच आहे: एक तास शिकलात की एक क्रेडिट.

बडनेऱ्याच्या, बाभुळगावच्या किंवा शेगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलासाठी हा विषय किती महत्त्वाचा आहे, ते फीच्या आकड्यावरून कळतं. परीक्षेची फी डॉलरमध्ये, त्यात नागपूर-पुण्याला जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. सर्टिफिकेट एकदा संपलं की कॉम्प्टिया पुन्हा नवी परीक्षा द्यायला लावते, म्हणजे तेवढेच पैसे परत. शिवाय कंपनीचा एचआर हल्ली पीडीएफ बघून थांबत नाही, तो ऑनलाइन पडताळणी करतो. तिथे मुदत संपल्याचं दिसलं तर बायोडेटातली ती ओळ असून नसल्यासारखी.

कोणत्या सर्टिफिकेटला किती क्रेडिट लागतात?

सिक्युरिटी प्लसला तीन वर्षांत ५० सीईयू लागतात. नेटवर्क प्लसला ३०, सायसा प्लसला ६०. आयएससी-टूच्या सीसीला तीन वर्षांत ४५ सीपीई पुरतात, सीआयएसएसपीला मात्र १२०. सीईएचलाही १२०. इसाकाच्या सीआयएसए आणि सीआयएसएमला १२० तर हवेतच, पण दर वर्षी किमान २० झालेच पाहिजेत. म्हणजे तिथे पहिली दोन वर्षं झोपून तिसऱ्या वर्षी सगळं उरकायची सोय नाही.

५० हा आकडा मोठा वाटतो, पण ३६ महिन्यांत विभागला तर महिन्याला दीड तास येतो. सीसीला सव्वा तास. महिन्यातून एक-दोन वेबिनार बघितले तरी काम होतं. अडचण येते ती ३४व्या महिन्यात जाग येणाऱ्यांची.

क्रेडिट झाले म्हणजे सगळं झालं असंही नाही. वार्षिक फी वेगळी भरावी लागते आणि मुलं इथेच फसतात. सीसीची परीक्षा आयएससी-टूने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या 'दहा लाख' मोहिमेत मोफत दिली, म्हणून अनेकांनी दिली. पण पास झाल्यावर सर्टिफिकेट हातात पडण्याआधी ५० डॉलर भरावे लागतात, आणि पुढे दर वर्षी तेवढेच. सिक्युरिटी प्लसची फीसुद्धा वर्षाला ५० डॉलर आहे, सीईएचची ८०. पन्नास डॉलर म्हणजे आजच्या भावाने चार हजारांच्या वर. खिशाला चटका आहे, तो आधीच धरून चला.

पैसे भरताना एक देशी अडचण येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून नवीन डेबिट-क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावे लागतात. शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजता 'पेमेंट फेल्ड' बघत बसण्यापेक्षा हे आठवडाभर आधी तपासा. काम झालं की परत बंद करून टाका.

मग वेबिनारच का?

क्रेडिट मिळवायचे मार्ग बरेच आहेत: कोर्स, कॉन्फरन्स, शिकवणं, लेख लिहिणं, वरच्या पातळीची दुसरी परीक्षा देणं. पण वऱ्हाडात बसलेल्याला यातले कितीसे परवडतात? नलकॉनसारखी मोठी परिषद गोव्यात भरते. पुण्या-मुंबईत या क्षेत्रातल्या लोकांच्या बैठका होतात, पण त्या शनिवारच्या दोन तासांसाठी अमरावतीहून रात्रभर रेल्वेने कोण जाणार? वेबिनार घरबसल्या होतो, बहुतेक मोफत असतो आणि एका तासाचं एक क्रेडिट देतो.

आयएससी-टूचे स्वतःचे वेबिनार यात सगळ्यात सोयीचे आहेत. नोंदणी करताना तुमचा सदस्य क्रमांक नीट टाकला की क्रेडिट आपोआप खात्यात जमा होतात. रेकॉर्ड केलेले जुने वेबिनारसुद्धा चालतात. सॅन्स ही अमेरिकी संस्था मोफत वेबकास्ट घेते आणि पूर्ण बघितल्यावर सर्टिफिकेट खात्यातून डाउनलोड करता येतं. आपल्या सरकारचा आयएसईए हा माहिती सुरक्षा जागृतीचा प्रकल्प आहे, त्याच्या ऑनलाइन कार्यशाळाही बघण्यासारख्या असतात. कंपन्यांचे वेबिनार ढिगाने असतात, पण त्यातले काही निव्वळ विक्रीचे. इसाका अशा विक्रीवजा कार्यक्रमांचे वर्षाला १० तासच धरते.

वेळेचं गणित मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा दुपारी एकचा वेबिनार आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला असतो आणि हिवाळ्यात साडेअकराला. ते लोक मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतात. आमंत्रण आलं की लगेच 'कॅलेंडरमध्ये जोडा' दाबा, फोन बाकीचं बघून घेतो.

फोनवरून बघितलं तर चालतं का?

चालतं. पण वेबिनार लावून फोन उशाला ठेवला आणि झोपलं, असं केलं तर पकडलं जातं. तुमची खिडकी पुढे आहे की मागे, मध्येच येणाऱ्या प्रश्नांना उत्तर दिलं का, किती मिनिटं जोडलेले होतात, हे बरेच प्लॅटफॉर्म मोजतात. ५५ मिनिटांपैकी २० मिनिटं हजर असाल तर सर्टिफिकेट येत नाही. एप्रिल-मेमध्ये लाइन गेली की वायफाय बंद पडतं, त्यामुळे मोबाइल डेटा शिल्लक ठेवा. व्हिडिओचा दर्जा ३६०पीवर आणला तर एका तासाला साधारण ३०० एमबीत भागतं. स्लाइड वाचता आल्या म्हणजे पुरे, बोलणाऱ्याचा चेहरा एचडीत बघून काही मिळत नाही.

नोंदणी करताना नाव तेच टाका जे सर्टिफिकेटवर आहे. स्पेलिंगसकट. एका ठिकाणी वडिलांचं नाव मध्ये, दुसऱ्या ठिकाणी फक्त टोपणनाव, तिसऱ्या ठिकाणी फोनचं मॉडेल, असा प्रकार झाला तर तो पुरावा तुमचाच आहे हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. आणि कॉलेजचा ईमेल वापरू नका. पास होऊन बाहेर पडल्यावर तो कधी बंद होईल सांगता येत नाही; मग पासवर्ड बदलायचा ओटीपी कुठे येणार? दोन जीमेल ठेवलेले बरे: एक सर्टिफिकेटच्या खात्यासाठी, दुसरा वेबिनारच्या नोंदणीसाठी. कारण मोफत वेबिनारची किंमत तुमचा ईमेल आणि मोबाइल नंबर असते, नोंदणीनंतर विक्रीवाल्यांचे मेल सुरू होतात.

पुरावा काय लागतो?

कॉम्प्टियाला पूर्णत्वाचं सर्टिफिकेट किंवा तसाच दुसरा पुरावा लागतो. त्यावर तुमचं नाव, वेबिनारचं नाव, घेणारी संस्था, तारीख आणि किती तास हे सगळं दिसायला हवं. 'नोंदणीबद्दल धन्यवाद' असा मेल पुरावा होत नाही, कारण नोंदणी आणि हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तासांचा उल्लेख नसलेलं हजेरीपत्र आलं तर आयोजकांना लगेच मेल करून दुरुस्त प्रत मागा. सहा महिन्यांनी कोणी उत्तर देत नाही.

विषयही जुळला पाहिजे. कॉम्प्टियाच्या नियमानुसार कार्यक्रमातला किमान ५० टक्के भाग तुमच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमाशी संबंधित हवा. फिशिंग मेलचं विश्लेषण, क्लाउडमधली परवानगी व्यवस्था, रॅन्समवेअर हल्ल्यानंतर काय करायचं, हे सिक्युरिटी प्लसला चालतं. 'मुलाखतीत आत्मविश्वास कसा ठेवावा' हे नाही चालत. तोच वेबिनार दोनदा लावता येत नाही, आणि तो चालू चक्रातच झालेला असावा.

पैसे घेऊन न बघितलेल्या वेबिनारचं सर्टिफिकेट देऊ, असं कोणी सांगितलं तर तिथून निघा. या संस्था अधूनमधून काही सदस्यांची तपासणी करतात. खोटा पुरावा सापडला तर क्रेडिट तर जातातच, सर्टिफिकेटही जाऊ शकतं. आणि जे क्षेत्रच विश्वासावर चालतं तिथे हा डाग फार दिवस राहतो.

सीआयएसए किंवा सीआयएसएमवाल्यांसाठी एक फायद्याची गोष्ट. इसाका पहिल्यांदा दिलेल्या व्याख्यानाचे सादरीकरणाच्या वेळेच्या पाचपट तास धरते. अकोल्यातल्या एखाद्या कॉलेजात तुमच्या क्षेत्राच्या विषयावर एक तास बोललात तर पाच तास जमा. कॉलेजकडून विषय, तारीख आणि वेळ लिहिलेलं पत्र मात्र त्याच दिवशी घ्या.

वेबिनार संपला की सर्टिफिकेटची पीडीएफ गुगल ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये टाका. फाइलच्या नावात आधी तारीख, मग संस्था, मग तास लिहा, म्हणजे यादी आपोआप लागते. त्याच आठवड्यात पोर्टलवर अपलोड करा. चक्र पूर्ण झाल्यावरही हा फोल्डर लगेच उडवू नका: इसाका आणि आयएससी-टू दोघीही चक्र संपल्यानंतर आणखी १२ महिने पुरावे जपून ठेवायला सांगतात.