दारूभट्टी (नागपूर)

देशी दारू विकणारे आणि तिथेच बसून पिण्याची सोय असलेले परवानाधारक दुकान. इंग्लंडच्या जुन्या गावांतील पबला स्वतःचे नाव, पाटी आणि शतकांचा सांगता येणारा इतिहास असतो. नागपूरची भट्टी वस्तीच्या नाहीतर मालकाच्या नावाने ओळखली जाते आणि तिचा इतिहास दोन पिढ्यांमागे क्वचितच जातो. याचा दोष समाजाच्या तिटकाऱ्याला दिला जातो, पण मूळ कारण परवान्याच्या पद्धतीत आहे. इंग्लंडमध्ये १५५२ च्या कायद्याने दारूगुत्त्याला स्थानिक दंडाधिकाऱ्यांचा परवाना सक्तीचा झाला. तो वर्षानुवर्षे नव्याने मिळत राहिला, हळूहळू त्या घरालाच चिकटला, आणि मालक बदलले तरी घर टिकले. नागपूर संस्थान १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि मोहाच्या दारूवरील अबकारी सरकारी उत्पन्नाचा मोठा आधार ठरली. दुकानांचे मक्ते लिलावाने दिले जात. बोली हरली की वर्षानुवर्षे जमवलेले गिऱ्हाईक दुसऱ्याचे होई. अशा धंद्यात इमारत बांधण्यात, नाव जपण्यात कुणाचे हित असणार? मुदत संपण्याआधी जास्तीत जास्त दारू खपवणे हाच शहाणपणा होता, आणि त्याचे नुकसान पिणाऱ्या गरिबालाच भोगावे लागले.

यावर आक्षेप असा की, १९२० च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनानंतरची दारूविरोधी चळवळ आणि १९३८ चा प्रांतिक दारूबंदी कायदा यांमुळेच भट्टीला प्रतिष्ठा मिळाली नाही. परंतु दारूविरोधी चळवळी इंग्लंडमध्येही जोरात होत्या. त्यांनी अनेक पब बंद पाडले, तरी उरलेल्यांचा इतिहास पुसला गेला नाही. दुसरा आक्षेप जातीचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे: दारू गाळणाऱ्या-विकणाऱ्या कलार जातीच्या धंद्याकडे लिहित्या वर्गाने पाहिलेच नाही. साहित्यातील मौनाचा उलगडा त्याने होतो, दुकानांच्या अस्थिरतेचा होत नाही. पुढे महाराष्ट्रात देशी दारूचे नवे किरकोळ परवाने (सीएल-३) देणे १९७० च्या दशकात थांबले. जुन्यांचे नूतनीकरण होत राहिले आणि परवान्याला दीर्घायुष्य लाभले. मात्र तो दुसऱ्या जागी हलवता येतो, म्हणून इंग्लंडसारखा घराला चिकटत नाही. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला, तेव्हा राज्यातील अनेक दुकानदारांनी नव्या जागांचा शोध सुरू केला.